कालव्याकांठची डागडुजी

विलायतेस जाणारे आपल्याकडील प्रवासी लंडनचा मनोरा, ऑक्सफर्डचीं विद्यालयें आणि शेक्सपिअरचें जन्मगांव इतकें पाहून परततात. वुल्व्हरहॅम्प्टन हें गांव मुद्दाम पाहण्याकरितां कोणी गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं, व तेथील रहिवाशांच्याही ऐकिवांत तें नसावें. आमचे चिरंजीव तेथें नोकरीस असल्यामुळें २०२४ सालच्या उन्हाळ्यांत आम्हां उभयतांस त्या गांवीं दोन महिने राहण्याचा योग आला. बर्मिंगहॅमहून आगगाडीनें वीसएक मिनिटें लागतात. वाटेंत जुन्या कारखान्यांच्या काळवंडलेल्या भिंती, मोडक्या लोखंडाचे ढीग आणि मधूनमधून रुळांच्या कडेनें जाणारें संथ, हिरवट पाणी दिसतें. एके काळीं कोळसा व लोखंड यांच्या धुरानें हा सारा मुलूख इतका काळा झाला होता कीं त्यास 'काळा प्रदेश' असेंच नांव पडलें. आतां धूर गेला आहे, नांव राहिलें आहे.

गांवांत पंजाबी शीख मंडळींची वस्ती मोठी. बसच्या नोकरांनीं पगडी बांधावी कीं नाहीं यावरून येथें दोन वर्षें वाद माजला होता. १९६९ सालीं पगडीचा पक्ष जिंकला. पुढें मोटारसायकलीवर शिरस्त्राण घालण्याची सक्ती आली, तेव्हां १९७६ सालीं पार्लमेंटनें पगडीधारी शिखांस तींतून सूट देणारा कायदा केला. मोटारसायकलीचा विषय आम्ही पुढें काढणारच आहों, म्हणून ही गोष्ट येथें नमूद करून ठेविली.

स्टेशनापासून हांकेच्या अंतरावर कालवा लागतो. तेथून एकामागून एक असे एकवीस लॉक खालीं उतरत जातात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस जाड दारें असलेला विटांचा अरुंद हौद. होडी आंत घ्यावयाची, मागचें दार मिटावयाचें आणि पुढच्या दाराच्या झडपा उघडून पाणी सोडावयाचें. पाणी उतरतें तशी होडीही एक पायरी उतरते. एकवीस पायऱ्या उतरल्यावर ऑल्डर्सली येथें दुसरा एक कालवा येऊन मिळतो. दोन्ही कालवे १७७२ सालीं पुरे झाले. त्यांची आंखणी करणारा जेम्स ब्रिंडले हा मूळचा गिरणीचीं यंत्रें बसविणारा कारागीर. लिहिण्यावाचण्यांत तो कच्चाच होता, आणि कालवे पुरे झाले त्याच सालीं तो वारला. आमची सकाळची फेरी या कांठानें होई. वाटेंत आगगाडीचा उंच कमानींचा पूल आणि घोड्यांच्या शर्यतींचें मैदान लागतें, आणि जागोजाग कोणी ना कोणी होडीवाला लॉकच्या दाराच्या दांड्यास पाठ लावून, सारा जोर पायांत आणून, दार लोटतांना दिसतो.

या कालव्यावर मान आहे तो लांबोळ्या पोलादी होड्यांचा. सात फुटांहून अधिक रुंदी लॉकमध्यें मावतच नाहीं, म्हणून त्या आगगाडीच्या डब्यापेक्षांही निरुंद असतात. त्यांवर पितळेचीं कडीं चकाकत असतात आणि पाण्याच्या बादल्यांवर गुलाबाचीं फुलें व किल्ले रंगविलेले असतात. अशा होड्यांमध्यें एखादी पांढरी, गुळगुळीत फायबरग्लासची होडी येऊन उभी राहिली कीं पोलादवाले नाक मुरडतात. तिला ते 'दह्याचा डबा' म्हणतात. आमच्या कोंकणपट्टींत, मालवण-रत्नागिरीकडे, अशाच फायबरच्या होड्या घेऊन कोळीबांधव समुद्रांत जातात व कोणी त्यांस हंसत नाहीं. परंतु कालव्याचा आचार निराळा. या दह्याच्या डब्यांशीं आमचा संबंध आला तो मात्र एका मोटारसायकलीमुळें.

वुल्व्हरहॅम्प्टन हें मोटारसायकलींचें माहेरघर होतें, हें आम्हांस तेथें जाईपर्यंत ठाऊक नव्हतें. जॉन मार्स्टन नांवाच्या गृहस्थानें येथें सनबीम सायकली काढल्या व १९१२ पासून त्याच नांवाच्या मोटारसायकली. सायकलींचे सुटे भाग करण्याकरितां त्यानेंच १८९८ सालीं व्हिलियर्सचा कारखाना उभा केला. पुढें तो लहान इंजिनांकरितां नांवाजला. मद्रासच्या एन्फील्ड कारखान्यानें काढलेली फँटॅब्युलस स्कूटर आमच्या पिढीनें लहानपणीं पाहिली असेल. तिचें इंजिन याच घराण्यांतलें. ए. जे. एस. गाड्या काढणारे स्टीव्हन्स बंधूही येथलेच. सर्वांत शेवटीं येथें नॉर्टन कमांडोचीं इंजिनें होऊं लागलीं.

कमांडो प्रथम १९६७ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिली. अंग रुपेरी, बैठक नारिंगी. दोन नळकांड्यांचें ७४५ घनसेंटिमीटरचें तें इंजिन स्वभावानें मोठें हादरणारें. तो हादरा जिरविण्याकरितां नॉर्टनच्या यंत्रज्ञांनीं इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकाचा चिमटा हीं एकत्र बांधून सांगाड्यांत रबरी आधारांवर बसविलीं. ही युक्ति इतकी साधली कीं 'मोटर सायकल न्यूज' या पत्राच्या वाचकांनीं १९६८ पासून १९७२ पर्यंत ओळीनें पांच वर्षें कमांडोलाच वर्षांतील उत्तम गाडी ठरविलें. तिच्या पहिल्या प्रकारास 'फास्टबॅक' म्हणत. बैठकीच्या मागें बदकाच्या शेपटीसारखा वर निमुळता होत गेलेला भाग ही तिची खूण. ही शेपटी फायबरग्लासची, आणि आरंभींच्या गाड्यांची पेट्रोलची टाकीदेखील फायबरग्लासचीच.

चिरंजीवांच्या शेजारीं सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज गृहस्थ राहतात. सोळाव्या वर्षीं ते गांवांतील एका कारखान्यांत उमेदवार म्हणून लागले. १९७० नंतरच्या दशकांत गांवांतला हा धंदा बुडाला, तेव्हां शेंकडों लोकांबरोबर तेही घरीं बसले. त्यांच्यापाशीं १९७० सालची एक फास्टबॅक आहे. इंजिन याच गांवांत घडलें, गाडीची जुळणी दक्षिणेस अँडोव्हर येथें झाली. लग्नाच्या आधीं त्यांनीं ती वापरलेली अशी विकत घेतली; त्यांची पत्नी कित्येक वर्षें हिच्याच मागच्या बैठकीवर बसून वेल्सच्या समुद्रकांठीं सुटी घालविण्यास जात असे. ती बाई आतां हयात नाहीं. गाडी कोठीच्या खोलींत चादर पांघरून उभी असते.

त्या गाडीच्या शेपटीस डाव्या अंगानें वीतभर भेग गेली होती. त्यांचा बावीस वर्षांचा नातू उन्हाळ्याकरितां आला होता. त्याचें म्हणणें सरळ होतें. "आजोबा, नवी शेपटी मागवूं. चार दिवसांत दाराशीं येईल. हुबेहूब."

म्हाताऱ्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं शेपटी सोडवून बांकावर पालथी घातली आणि आम्हां दोघांस जवळ बोलाविलें. बाहेरून आरशासारखी असलेली ती वस्तु आंतून खरखरीत होती. कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसत होते, आणि एका कोपऱ्यांत, राळ ओली असतांना उमटलेला अंगठ्याचा ठसा होता. फायबरग्लासचें काम सांच्यांत हातानें थापून करतात. पन्नास वर्षांपूर्वींच्या कोणा कामकऱ्याचा तो अंगठा. "हा माणूस कोण तें मला माहीत नाहीं," म्हातारे म्हणाले, "पण तोही माझ्यासारखाच घरीं बसला असेल. नव्या शेपटींत हा कोठून येणार?"

आमचा सारा जन्म संस्कृत व्याकरण शिकविण्यांत गेला, त्यामुळें आम्हांस तेथें व्याकरणच सुचलें. शब्दांत नवा वर्ण दोन तऱ्हांनीं येतो. आगम येतो तो मूळ वर्णाच्या शेजारीं मित्रासारखा बसतो. आदेश येतो तो शत्रूसारखा मूळ वर्णास उठवून त्याच्या जागेवर बसतो. आमच्या मोडक्या इंग्रजींत आम्हीं हें त्यांस समजावून दिलें. तें ऐकून म्हातारे खळखळून हंसले आणि नातवाकडे वळून म्हणाले, "ऐकलेंस? आपल्याला मित्र हवा आहे." नातवानें खांदे उडविले, परंतु शेपटी काखेंत मारून निघाला तोच.

फायबरग्लासचा मोठा व्यवहार सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यांत होड्या अग्रभागीं होत्या. त्यामुळें या वस्तूचे खरे वैद्य अजूनही पाण्याच्या कांठींच सांपडतात. कालव्यावर एक पन्नाशीच्या बाई आपल्या होडींतच राहतात व कांठावरच्या पत्र्याच्या छपरांत 'दह्याचे डबे' दुरुस्त करतात. त्यांनीं शेपटी हातांत घेतली, खिशांतून एक नाणें काढलें आणि भेगेच्या दोन्ही अंगांस टकटक वाजवीत गेल्या. जेथें अंग सलग आहे तेथें आवाज खणखणीत येई. जेथें आंतले थर एकमेकांपासून सुटले आहेत तेथें तो बद्द होई. मडकें विकत घेतांना आपल्या बायका हेंच करतात. डोळ्यांस दिसणारी भेग वीतभर होती. नाण्यानें दाखविलेला रोग तिच्या दीडपट निघाला.

कारणही त्यांनीं तेथेंच दाखविलें. भेगेचा उगम बोल्टाच्या भोंकापाशीं होता. त्या बोल्टाखालचें रबरी वायसर केव्हां तरी झिजून गेलें होतें, आणि कोणीं तरी त्यावांचूनच बोल्ट करकचून आंवळला होता. काचेचा तंतु ताण सोसण्यांत मोठा चिवट. परंतु त्या तंतूंस एकत्र बांधणारी राळ कडक असते व चिमटीखालीं पुन्हां पुन्हां हादरे बसले म्हणजे तडकते. इंजिनाकरितां एवढीं रबरें घातलीं, आणि शेपटी मेली ती अंगठीएवढ्या रबराअभावीं.

कामास तीन दिवस लागले. पहिला सारा दिवस धुण्यांत आणि खरवडण्यांत गेला. पन्नास वर्षांचें तेल, चिखल आणि मेण गरम पाण्यानें व साबणानें काढलें, मग अॅसिटोननें पुसलें. कारण मेणाचा पुसटसा हात राहिला तरी नवी राळ जुनीस धरत नाहीं. भेगेच्या अगदीं टोंकास बाईंनीं एक बारीक भोंक पाडलें. भेगेचें टोंक सुईसारखें तीक्ष्ण असतें व सारा ताण तेथें एकवटतो; त्यास गोल भोंक मिळालें कीं ताण पांगतो आणि भेग पुढें सरकत नाहीं. नंतर आंतल्या बाजूनें त्यांनीं भेगेच्या दोन्ही अंगांचें साहित्य उतरतें घासून काढलें: जितकी जाडी, तिच्या दहा-बारा पट रुंदीचा उतार. नातू हें पाहून घाबरला. भेग बुजविण्याकरितां आणलेल्या वस्तूस बाईंनीं आतां तळहाताएवढा खड्डा पाडला होता. परंतु भेगेंत नुसता लांबी भरला तर तो धरतो किती? केसाएवढ्या फटीच्या कडांस. उतार दिला म्हणजे नव्या थरांस बसावयाला बोटभर रुंद पाट मिळतो. अंगठ्याचा ठसा सुदैवानें दुसऱ्या कोपऱ्यांत होता. तरीही बाईंनीं त्यावर कागद चिकटवून ठेविला.

दुसऱ्या दिवशीं आमच्या सौभाग्यवतीही बरोबर आल्या. बाहेरच्या अंगानें गुळगुळीत चिकटपट्टी लावलेला पुठ्ठा बांधून शेपटीचा आकार कायम ठेविला होता. काचतंतूची चटई शेवया पसरल्यासारखी दिसते. तिचे तुकडे बाई कात्रीनें न कापतां हातानें फाडीत होत्या. फाडलेल्या कडेचे धागे विरळ होत जातात व जोड उठून दिसत नाहीं. आधीं लहान तुकडा घालावा कीं मोठा, यावर होडीवाल्यांत दोन पंथ आहेत आणि त्यांचें शैव-वैष्णवांसारखें आहे, असें त्यांच्या बोलण्यावरून दिसलें. त्या स्वतः मोठा आधीं घालणाऱ्यांपैकीं.

राळ काकवीसारखी दिसते, वास मात्र असा उग्र कीं दारें-खिडक्या उघड्या ठेवून, तोंडास मुखवटा बांधूनच काम करावें लागतें. शंभर ग्रॅम राळेस एकदोन ग्रॅम उत्प्रेरक. हें द्रव्य डोळ्यांत उडालें तर डोळा जाण्याची भीति, म्हणून बाईंनीं नातवास चष्मा चढविल्यावांचून बाटलीस हात लावूं दिला नाहीं. एकदां तें मिसळलें कीं पंधरावीस मिनिटांचा अवधि. कुंचला ओढावयाचा नाहीं, टोंचीत जावयाचें; चटई पांढरी असते ती राळ प्यायली म्हणजे पारदर्शक होते, आणि जेथें पांढरा ठिपका राहील तेथें हवा अडकली असें समजून खांचांच्या लहानशा लाटण्यानें ती बाहेर दाबून काढावयाची. नातू हें सारें आपल्या हातानें करीत होता. चौथ्या थराच्या वेळीं डब्यांतली राळ जरा दाटली. आमच्या सौभाग्यवतींनीं ती लांबूनच पाहिली आणि आम्हांस मराठींत म्हणाल्या, "अहो, हा पाक आतां गोळीवर आला. त्याला म्हणावें, थांब." आम्ही भाषांतर करतों न करतों तोंच बाईंनीं मुलाच्या हातांतील डबा काढून घेऊन बाहेर वाळूंत ठेविला. पांच मिनिटांत तो हातांत धरवेना इतका तापला व त्यांतून वाफा निघूं लागल्या. तेव्हांपासून त्या दोघींचें असें जमलें कीं आमच्या दुभाष्याच्या कामाची गरज उरली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं बाहेरच्या अंगास राखी लेप दिला, घासला, पुन्हां दिला.

टाकीची गोष्ट मात्र निराळी, आणि दुःखाची. म्हाताऱ्यांनीं टाकीही आणली होती. तिच्या तळास घाम आल्यासारखा चिकटपणा होता. बाईंनीं नखानें दाबून पाहिलें, तों राळ मऊ लागली. पेट्रोलांत हल्लीं मद्यार्क मिसळतात. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत तो दहा टक्क्यांपर्यंत असतो. आपल्याकडे तर २०२५ सालीं हें प्रमाण वीस टक्क्यांस पोंचलें, व त्यांतील कांहीं भाग आपल्या महाराष्ट्रांतील उसापासून निघतो. शेतकऱ्यास त्याचा लाभ असेल. परंतु जुन्या फायबरग्लासच्या टाकीस तो बाधतो. त्या काळची राळ मद्यार्कांत हळूहळू मऊ पडते, फुगते, आणि तिचा चिकट अंश कार्ब्युरेटरांत जाऊन बसतो. शिवाय अपघातांत अशी टाकी फुटते, म्हणून ब्रिटनमध्यें १९७३ नंतर रस्त्यावर येणाऱ्या नव्या गाड्यांस धातूचीच टाकी असावी असा नियम झाला होता. आंतून नवें अस्तर देण्याचे प्रयोग लोक करतात. बाईंनीं तें काम घेण्याचें साफ नाकारलें. "होडी गळली तर पाणी आंत येतें," त्या म्हणाल्या, "टाकी गळली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतें."

म्हातारे बराच वेळ टाकीवरून हात फिरवीत बसले. आगम येथें चालण्यासारखा नव्हता. दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं अॅल्युमिनियमची टाकी आणविली, आणि जुनी धुऊन, कोरडी करून दिवाणखान्यांत पत्नीच्या तसबिरीखालीं ठेविली. नातू त्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीं.

शेपटी बसविण्याचा दिवस रविवार होता. प्रत्येक भोंकास नवीं रबरी वायसरें, बाहेरून रुंद पोलादी वायसर, आणि नट हातानें घट्ट झाल्यावर पान्याचा अगदीं बेताचा वळसा. आंतल्या बाजूस, शेवटच्या थराखालीं, एक कागदाची चिठ्ठी राळेंत गाडलेली आम्हीं त्या वेळीं पाहिली. तीवर त्या दिवसाची तारीख होती आणि नातवाचें नांव. होडीवाले आपल्या दुरुस्तीवर अशी खूण ठेवतात, असें कळलें. बाईंनीं राळ आणि चटई यांचेच पैसे घेतले. आमच्या घरचा लिंबाच्या लोणच्याचा एक डबाही त्यांनीं नेला. पुढें तो धुऊन परत आला तेव्हां त्यांत कालव्याकांठचीं ब्लॅकबेरीचीं फळें होतीं.

गाडी तिसऱ्या लाथेस सुरू झाली. मंद गतीवर कमांडोचें इंजिन रबरांवर असें डोलतें कीं पुढचें चाकही जमिनीवर थरथरतें; नवख्या माणसास वाटावें, हें यंत्र आतां उकलणार. नातवानें खालीं वांकून शेपटीवर तळहात ठेविला व बराच वेळ तसाच ठेविला. मग मूठ थोडी पिळली, आणि सारा थरथराट एकाएकीं विरून गेला. म्हाताऱ्यांचे गुडघे आतां लाथ मारण्याजोगे राहिले नाहींत. मुलानें त्यांना शिरस्त्राण चढविलें. आजवर ते या गाडीच्या मागच्या बैठकीवर कधींच बसले नव्हते. त्या दिवशीं बसले, आणि नातवाच्या कमरेस धरून दोघे कालव्याच्या पुलाकडे निघून गेले. शेपटीस रंग अद्याप द्यावयाचा होता, त्यामुळें डाव्या अंगावरचा राखी डाग वळणापर्यंत दिसत होता.